दिवाण आणि कारभारी, वेगवेगळे

४ फेब्रुवारी, सोमवार

ही वही मी हौसेने उघडलेली नाही. गेल्या वर्षी एका शाळेच्या स्मरणिकेचे फोटो काढले. मुख्याध्यापकांनी तोंडी सांगितलं एक, आणि छापून आल्यावर म्हणाले भलतंच. माझ्याकडे पुरावा नव्हता. चार लोकांत मी खोटी ठरले. तेव्हाच ठरवलं की पुढचं काम आलं तर रोज कोण काय बोललं ते लिहून ठेवायचं. बोलणारा बोलून मोकळा होतो, निस्तरायचं ऐकणाऱ्याने. आता निस्तरणार नाही.

काम असं आहे. शहराबाहेर एक जुनं गाव उभं केलेलं आहे, लोक तिकीट काढून बघायला जातात. दीडशे वर्षांपूर्वीचं खेडं जसं असेल तसं: लोहारशाळा, पाणचक्की, भट्टी, एका खोलीची शाळा, गोठा, मेंढवाडा. तिथली माणसं त्या काळचे कपडे घालतात आणि त्या काळची कामं करतात, तीही खरीखुरी. लोहार खरोखर नाल ठोकतो, गाय खरोखर दूध देते. ते दूध काढते माझी धाकटी बहीण. गोठ्यामागच्या खोलीत राहते, बारा महिने. त्या गावाचे आणि तिथल्या जनावरांचे फोटो मी काढायचे.

काम धाकटीनेच मिळवून दिलं, हेही लिहायला हवं. फोनवर म्हणाली, "ताई, व्यवस्थापकांना फोटो काढणारं कोणीतरी हवंय. मी तुझं नाव सांगून टाकलं. पुस्तक काढताहेत म्हणे. फोटो चांगले आले की लोक येतील, लोक आले की जनावरांना चारा."

"नाव सांगायच्या आधी मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस आणि मग आठवडाभर चडफडली असतीस."

हसली. तिला हसायला कारण लागत नाही, लहानपणापासूनच. स्टुडिओ बंद होऊन दोन वर्षं झाली. हे गेल्यावर मी तो एकटीने चालवला. मग ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला आणि पासपोर्टच्या फोटोलाही कोणी जिना चढेना. दोन वर्षांत हे पहिलं काम. पण ते तिला सांगायची गरज नव्हती.

५ फेब्रुवारी

व्यवस्थापकांना कार्यालयात भेटले. चाळिशीचे, नीटनेटके, टेबलावर एकही फालतू कागद नाही. दर तीन शब्दांनी मॅडम. सूचना स्पष्ट होत्या, त्या जशाच्या तशा लिहिते. गावाचे फोटो थोडे, जनावरांचे सगळे. प्रत्येक जनावर स्वतंत्र. मागे साधी भिंत. डावी बाजू, चारही पाय दिसतील अशी. मग समोरून, मागून, तोंड उघडून दात, खूर. गाय असेल तर कास. सोबत माणूस नको. अठरा तारखेपर्यंत.

मी विचारलं, "दात कशाला?"

"माहिती परिपूर्ण हवी ना, मॅडम. आजकाल लोकांना तपशील लागतो."

खरं आहे. अर्धवट माहितीचा मलाही तिटकारा. आपल्याला काय हवं हे ठाऊक असलेला माणूस फार वर्षांनी भेटला. नाहीतर आयुष्यभर लोक येऊन म्हणत, "बाई, छान काढा." छान म्हणजे काय ते कोणाला सांगता यायचं नाही.

गावाचा नियमही त्यांनी समजावला. फाटकाच्या आत, प्रेक्षक असताना, कपड्यातल्या माणसाने त्या काळाबाहेरचं एक अक्षर बोलायचं नाही. (इथे अंगावर ते जुने कपडे असण्याला नुसतं 'कपड्यात' म्हणतात.) कोणी विचारलं शेवटची बस किती वाजता, तर म्हणायचं, "बस म्हणजे काय हो?" नियम मोडला की तंबी. दोन तंब्या झाल्या की काम गेलं.

मला पटलं. शिस्त ही शिस्तच.

७ फेब्रुवारी

बैलांपासून सुरुवात केली. जोडी मोठी आहे, तांबूस रंगाची, एकाचं नाव दिवाण, दुसऱ्याचं कारभारी. नावं धाकटीने ठेवलेली. गाढवाचं नाव मास्तर. तिच्या विनोदबुद्धीबद्दल मी काही लिहीत नाही.

लोहार मदतीला आला. हा पूर्वी नाटकमंडळीत होता आणि ते त्याच्या अंगातून गेलेलं नाही. प्रेक्षक जमलेले बघून म्हणतो, "बाई, तुमचा हा काळा डबा जीव ओढून घेतो म्हणतात. खरं का?"

मी म्हटलं, "जीव नाही, उजेड ओढतो. तुम्ही उजेडात उभे आहात, सरका."

लोक हसले. तो पण हसला. जाड कातडीचा माणूस.

धाकटी जाड सुती झगा आणि डोक्याला फडका बांधून उभी होती. मला 'पाहुण्या बाई' म्हणत होती, कपड्यात असल्यामुळे. "पाहुण्या बाई, दोघांचा एक तरी एकत्र काढा ना. वासरं होती तेव्हापासून एका जुवाखाली आहेत. दिवाण दिसला नाही तर कारभारी चाऱ्याला तोंड लावत नाही."

मी सांगितलं की सूचना स्वतंत्र फोटोची आहे. ती आणखी काही म्हणणार होती, पण एक कुटुंब जवळ आलं आणि ती त्यांना ताक घुसळून दाखवायला गेली.

कारभारीने फार त्रास दिला. एकटा उभा राहीना. सारखी मान उजवीकडे, जिथे दिवाण उभा राहतो तिकडे. शेवटी मी दिवाणला पाणचक्कीच्या मागे, नजरेआड न्यायला लावलं. त्याबरोबर कारभारी खिळल्यासारखा झाला. मान वर, कान ताठ, नजर थेट चक्कीकडे. पापणीसुद्धा हलली नाही. उत्कृष्ट फोटो आला. इतक्या वर्षांत माणसाचाही असा आला नव्हता.

९ फेब्रुवारी, शनिवार

गर्दी. गाईंचे दात आणि कास. धाकटी गाईचा जबडा धरून उभी, आवाज नेहमीपेक्षा चढलेला. एका लहान मुलीने विचारलं, दात का बघता?

धाकटी म्हणाली, "दातावरून वय कळतं, बाळ. आणि वय कधी बघतात सांग? गिऱ्हाईक आलं की." मग माझ्याकडे वळली. "धनी जनावरं विकायला काढताहेत, पाहुण्या बाई. गोठा रिकामा करताहेत. तुमच्या कानावर घालते, दुसरं कोणी ऐकत नाही."

डोळ्यात पाणी होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका गृहस्थाने "वा!" म्हटलं.

अभिनय सुधारला आहे, पण डोळ्यातलं पाणी जास्त झालं. लोहाराच्या संगतीचा परिणाम. आणि गाईचा जबडा तिने ऐन वेळी सोडला, तीन फोटो वाया गेले. हे तिला सांगायचं आहे.

११ फेब्रुवारी, सोमवार

सोमवारी गाव बंद असतं. धाकटी दुपारी घरी आली. साध्या कपड्यात ती मला आताशा अनोळखी वाटते. स्वयंपाकघरात स्टुलावर बसली, चहा तसाच ठेवला. जे बोलणं झालं ते शक्य तितकं जसंच्या तसं लिहिते.

"ताई, मी शनिवारी सांगितलं ते तुला कळलं का?"

"काय सांगितलंस? मी फोटो काढत होते."

"विक्रीचं. पुस्तक-बिस्तक काही नाही. जाहिरात देणार आहेत. लोहाराने कार्यालयात फोनवरचं बोलणं ऐकलं."

"लोहार! तो कोंबडीच्या पिसाचा गरुड करतो. तू तरी कोणाचं ऐकतेस."

"मग दात कशाला? खूर कशाला? पुस्तक वाचणारा खूर बघतो का?"

मी म्हटलं, आजकाल लोकांना तपशील लागतो.

ती म्हणाली, "वीस तारखेला समितीची बैठक आहे. फोटो त्यांच्यापुढे ठेवायचे आहेत. नसले तर विषय पुढच्या बैठकीत, म्हणजे हंगाम संपल्यावर. तोवर लोक येतील, शाळा येतील, कोणी सांगावं, त्यांचं मन बदलेल. ताई, चार दिवस उशीर कर. एवढंच मागते."

"उशीर? मी?"

"आजारी पड. कॅमेरा बिघडला म्हण."

"मी आयुष्यात एक फोटो उशिरा दिलेला नाही. हे तापाने फणफणले होते तेव्हासुद्धा लग्नाचा अल्बम सांगितल्या दिवशी पोचवला होता."

"हो. आणि ती माणसं आता कुठे आहेत? त्यांच्यापैकी कोण आलं भाऊजी गेले तेव्हा?"

हे बोलायची गरज नव्हती. कप उचलून मोरीत ठेवला, भरलेलाच.

"जनावरं गेली की ती खोलीही गेली," ती म्हणाली. "मला काय, मी कुठेही पडेन. पण त्यांना मी हाताने वाढवलंय ताई. कारभारीला बाटलीने दूध पाजलंय."

मी म्हटलं, "मी व्यवस्थापकांना सरळ विचारते. तोंडावर. नाकासमोर चालणाऱ्याने कशाला भ्यायचं?"

"विचार. पण कार्यालयात विचार. आत नको."

"कुठे विचारायचं ते मला कळतं."

दारात चपला घालताना म्हणाली, "तुला सगळं कळतं, ताई." आवाजात टोमणा होता की नाही हे मला ठरवता आलं नाही. बहुतेक होता.

१३ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी कार्यालय बंद. शिपाई म्हणाला, शाळेची सहल आली आहे, साहेब आज आत गावप्रमुख झाले आहेत. मोठी सहल आली की ते स्वतः कपडे चढवतात. परत येईपर्यंत थांबणं मला शक्य नव्हतं. मेंढ्या राहिल्या होत्या आणि उजेड फार चांगला होता. मेंढ्यांना ढगाळ उजेड लागतो, नाहीतर लोकर पांढरीफटक येते.

ते विहिरीजवळ भेटले. काळा लोकरी कोट, उंच टोपी, हातात काठी. भोवती मुलं. मी आडपडदा ठेवला नाही. विचारलं, "एकाच शब्दात सांगा. तुम्ही इथली जनावरं विकणार आहात का? हो की नाही?"

त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "बाई! या गावातून आजवर एक शेपूटसुद्धा बाहेर गेलेलं नाही. आणि मी गावप्रमुख असेपर्यंत जाणार नाही!"

मुलांनी टाळ्या वाजवल्या.

हे मुद्दाम तारखेसह नोंदवते. स्थळ विहीर, वेळ सकाळची. साक्षीदार एक अख्खा वर्ग आणि दोन शिक्षिका. याहून स्पष्ट शब्द कोण देतं? चार भिंतीत कोणीही काहीही बोलेल, हा माणूस भर लोकांत बोलला.

धाकटी बादली घेऊन तिथेच उभी होती. तिने सगळं ऐकलं. बादली खाली ठेवली आणि गोठ्यात निघून गेली. पटलं असावं.

मेंढ्या उत्तम आल्या.

१४ फेब्रुवारी

फोटो निवडायला बसले. एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. दिवसभर मन लागलं नाही. खुरांचे फोटो पडद्यावर ओळीने लावले तेव्हा वाटलं, हे पुस्तकात कुठे बसणार? शेवटी वहीतलं कालचं पान वाचलं आणि शंका सोडून दिली. शंकेला अंत नसतो. माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही तर मग जगायचं कसं?

कारभारीचा फोटो मात्र पुन्हा पुन्हा बघत होते. हे असते तर त्यांनी तो मोठा करून स्टुडिओच्या काचेत लावला असता.

मास्तर गाढवाचा एकही फोटो सरळ नाही. प्रत्येकात कॅमेऱ्याकडे बघतं आहे, तेही असं की पेपर मीच कोरा दिला.

१६ फेब्रुवारी, शनिवार

काम पुरं केलं. दोन दिवस आधी. प्रत्येक जनावराची वेगळी फाईल, त्यावर कानाच्या बिल्ल्याचा क्रमांक, छापील प्रतीही सोबत. व्यवस्थापक उभे राहून बघत होते. म्हणाले, "मॅडम, इतके स्पष्ट आहेत की प्रत्यक्ष जनावर बघायची गरजच नाही."

दोन वर्षांत कोणी माझ्या कामाला असं म्हटलेलं नाही. मला बरं वाटलं, ते लिहायला लाज कसली.

जाताना गोठ्याकडे गेले, धाकटीला सांगावं म्हणून. ती चारा टाकत होती. मी म्हटलं, "दिले फोटो. आवडले त्यांना."

तिने वर बघितलं नाही. "पाहुण्या बाई, गाव बघून झालं का? संध्याकाळच्या आत निघा. वाट लांबची आहे."

आजूबाजूला एकही प्रेक्षक नव्हता. तरी ती कपड्यातलंच बोलली.

"नीट बोल," मी म्हटलं.

"आमच्याकडे असंच बोलतात, बाई."

उद्धटपणा. मी तशीच निघाले.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

आज वर्तमानपत्रात अर्धं पान. 'जातिवंत पशुधन विक्रीस.' माझे फोटो. डावी बाजू, दात, खूर. कारभारी सगळ्यांच्या वर, चक्कीकडे बघत. प्रत्येक फोटोखाली बारीक अक्षरात माझं नाव, अचूक छापलेलं.

वही घेऊन थेट कार्यालयात गेले. व्यवस्थापकांपुढे तेरा तारखेचं पान वाचून दाखवलं, शब्द न् शब्द.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लिहिलंय ते बरोबर आहे, मॅडम. पण मी त्या वेळी कपड्यात होतो."

"म्हणजे?"

"म्हणजे ते गावप्रमुख बोलला. मुलं होती समोर. तुम्हाला नियम सांगितला होता मी, पहिल्याच दिवशी."

"मी तुम्हाला प्रश्न विचारला होता. गावप्रमुखाला नाही!"

"मग इथे विचारायचा होता. या खुर्चीत विचारला असतात तर मी सांगितलं असतं."

"सांगितलं असतंत?"

"लपवायचं काय त्यात?" ते खरोखरच गोंधळले होते. आवाजात लबाडी नव्हती. लबाडी असती तर बरं झालं असतं. "समितीने सहा महिन्यांपूर्वीच ठरवलं होतं. मॅडम, मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. दात कोण उगाच काढून घेतं?"

मी वही मिटली. घरी येताना बसमध्ये उभी होते. जागा होती तरी.

धाकटीही कपड्यातच होती, आणि ती खरं बोलत होती. एकाच गावात, एकाच काळाच्या कपड्यात एक खरं बोलते आणि दुसरा खोटं. बाहेरच्या माणसाने ओळखायचं कसं? याचं उत्तर मला कोणीतरी द्यावं.

२५ फेब्रुवारी, सोमवार

आज जनावरं गेली. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी गेले.

बैठक वीसला झाली आणि आठवड्याच्या आत गोठा रिकामा झाला. गिऱ्हाइकं बघायलासुद्धा आली नाहीत, जाहिरात बघून फोनवरच ठरवलं. गाड्या आल्या त्यांच्याबरोबर माझ्या फोटोंच्या छापील प्रती होत्या. चालक प्रत धरायचा, बिल्ला बघायचा, जनावर चढवायचा. कोणाला काही विचारावं लागलं नाही. धाकटी सकाळपासून तयार उभी होती, कोणतं जनावर कुठे बांधायचं, कोण कोणाला शिंग मारतं, हे सांगायला. तिला एकानेही काही विचारलं नाही.

मास्तर चढेना. दोघं पुढून ओढत होते, एक मागून रेटत होता. शेवटी धाकटी गेली, त्याच्या कानात काहीतरी बोलली आणि तो आपणहून फळी चढला. चालक हसत म्हणाला, "काय सांगितलंत हो त्याला?" ती म्हणाली, "खोटं."

दिवाण दुपारच्या गाडीत गेला. कारभारीची गाडी त्यानंतरची, आणि ती उलट्या दिशेची. घेणारे वेगळे. दिवाणची गाडी वळणाआड गेली तेव्हा कारभारीने मान वर केली आणि कान ताठ केले. मी दुसरीकडे बघितलं.

लोहार माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. साधी पॅंट, स्वेटर. ओळखायला क्षणभर वेळ लागला. म्हणाला, "बाई, तुम्ही वेगळे काढलेत, त्यांनी वेगळे नेले."

"सूचना तशी होती."

"हो," तो म्हणाला, "सूचना."

दोघांचा एकत्र एक फोटो काढला असता तरी त्यांनी वेगळेच विकले असते. माझी खात्री आहे. मी आज ते तीनदा मनाशी पडताळून पाहिलं.

धाकटीशी बोलायला गेले तर ती गोठा झाडत होती. रिकामा गोठा कोणी झाडतं का? मी म्हटलं, "आता राहू दे." तिने झाडू थांबवला नाही. फक्त माझ्या पायाजवळ आल्यावर थांबली, मी सरकायची वाट बघत. मी सरकले.

२८ फेब्रुवारी

व्यवस्थापकांचा फोन. हंगाम सुरू होतो आहे आणि गोठा मोकळा दिसतो, शाळांची मुलं काय बघणार? समितीची कल्पना अशी की माझेच फोटो खऱ्या आकारात छापून, फळ्यांवर चिकटवून गोठ्यात उभे करायचे. चारा नको, शेण नको. बैल, गाई, मेंढ्या, सगळं. "तुमच्याच देखरेखीखाली, मॅडम. रंग जरासुद्धा बिघडायला नकोत."

मी सांगितलं, विचार करून कळवते.

विचार केला. मी नाही म्हटलं तर दुसरा कोणीतरी करेल आणि वाईट करेल. कारभारीचा तांबूस रंग छापताना हमखास काळपट होतो, मला तो सांभाळता येतो. निदान तेवढं तरी नीट व्हावं.

तासाभराने होकार कळवला.

२ मार्च, शनिवार

धाकटीने खोली सोडली. मी तिला न्यायला रिक्षा घेऊन गेले होते.

रात्रंदिवस घोकून ठेवलेलं वाक्य मी आधी बोलले. "माझ्याकडे चल. मागची खोली रिकामीच आहे. आवरून ठेवली आहे."

"नको, ताई."

"मग जाणार कुठे?"

"लोहाराच्या बहिणीचा गोठा आहे गावाकडे. चार म्हशी. तिला हात हवाय."

"परक्याकडे राहशील आणि सख्ख्या बहिणीकडे नाही?"

ती पिशवीचं तोंड बांधत होती. "तुझ्या घरात सगळं वेळेवर असतं. मला नाही जमायचं."

"हे बोलणं मनाला लावून घ्यायचं का मी?"

"तू कशाला लावून घेशील?" ती म्हणाली, आणि खरंच विचारत असल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली. तेवढ्यात बाहेर दोन माणसं फळ्या घेऊन आली आणि मला विचारू लागली, बैल कुठे उभा करायचा. मी त्यांना जागा दाखवली. परत वळले तेव्हा तिने पिशवी खांद्याला लावली होती. कारभारीची फळी तिच्या समोरूनच आत गेली. तिने बाजूला होऊन वाट दिली, जिवंत जनावराला देतात तशी.

दिल्या-घेतल्याची नोंद करून ठेवते, नंतर कोणी काही म्हणायला नको.

धाकटीने कार्यालयात जमा केलं: झगे दोन, धुतलेले. डोक्याचे फडके तीन. लाकडी बादली एक. गोठ्याची आणि खोलीची किल्ली. व्यवस्थापकांनी सगळं तपासून सही दिली.

मी धाकटीला देऊ केलं: दिवाण आणि कारभारी, मोठे केलेले फोटो, चौकटीत, एकेक. तिने घेतले नाहीत. म्हणाली, पिशवीत जागा नाही. पिशवीत जागा होती.

धाकटीने मला दिलं: माझ्या घराची जादा किल्ली, एक. हे गेले त्या आठवड्यात मी तिच्याकडे ठेवली होती, एकटीला घरात काही झालं तर कोणाला तरी दार उघडता यावं म्हणून. निळ्या दोऱ्यात ओवलेली होती, दोऱ्यासकट मिळाली.